वैमानिकाच्या चुकीमागचे कारण शोधणारे पॉल फिट्स

विमानाच्या कॉकपिटमधील उपकरणे माणसाच्या क्षमतांना आणि मर्यादांना साजेशी असली पाहिजेत, या विचाराला शास्त्रीय पाया देणाऱ्यांमध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. पॉल मॉरिस फिट्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अपघाताच्या चौकशी अहवालात वैमानिकाची चूक असा शेरा पडला की चौकशी संपली, असे मानण्याचा एक काळ होता. फिट्स यांनी चौकशी तेथूनच सुरू केली. अवघ्या ५२ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केलेल्या कामाच्या खुणा आजही विमानाच्या लिव्हरपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत आढळतात.

फिट्स यांचा जन्म ६ मे १९१२ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात मार्टिन या गावी झाला. टेनेसी विद्यापीठातून १९३४ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी ब्राऊन विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९३८ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते टेनेसी विद्यापीठात अध्यापन करू लागले. प्रयोगशाळेतील मानसशास्त्र हाच त्यांचा विषय होता. दुसऱ्या महायुद्धाने मात्र त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

युद्धकाळातील निवड चाचण्या

अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाला अल्पावधीत हजारो वैमानिक हवे होते. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली १९४१ मध्ये विमान मानसशास्त्राचा व्यापक कार्यक्रम हाती घेण्यात आला. वैमानिक, दिशादर्शक आणि बॉम्बफेक करणारे सैनिक यांच्यासाठी योग्य उमेदवार निवडणे, हे या कार्यक्रमाचे मुख्य काम होते. फिट्स या कार्यक्रमात दाखल झाले.

या कार्यक्रमामागचा विचार सरळ होता. विमान जसे आहे तसे स्वीकारायचे आणि त्याला साजेसा माणूस शोधून त्याला प्रशिक्षण द्यायचे. निवड चाचण्यांचा उपयोगही झाला. प्रशिक्षणात अपयशी ठरणाऱ्या उमेदवारांचे प्रमाण त्यांमुळे कमी करता आले. तरीही अपघात थांबले नाहीत. युद्धकाळात शत्रूच्या गोळीबाराशी काहीही संबंध नसलेल्या, खुद्द अमेरिकेच्या भूमीवर झालेल्या विमान अपघातांत हवाई दलाचे सुमारे १५ हजार जण मृत्युमुखी पडले. यांतील अनेक अपघातांपुढे वैमानिकाची चूक असा शेरा होता. निवडून घेतलेले, प्रशिक्षित आणि अनुभवी वैमानिकही तशाच चुका करत होते.

याच काळात ओहायो राज्यातील डेटनजवळच्या राइट फील्ड या हवाई तळावर एक तरुण मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांना एका विचित्र अपघाताचा उलगडा करण्यास सांगण्यात आले होते. बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप जमिनीवर उतरल्यानंतर, धावपट्टीवर असतानाच चाके आत घेत असत आणि विमान पोटावर आपटत असे. वैमानिकांना प्रत्यक्षात पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे असत. चॅपॅनिस यांना आढळले की फ्लॅपचे आणि चाकांचे नियंत्रण शेजारी शेजारी असून दिसायलाही सारखेच होते. सी-४७ या मालवाहू विमानात ही नियंत्रणे वेगवेगळ्या ठिकाणी होती, आणि त्या विमानाचे वैमानिक ही चूक करत नव्हते. चाकांच्या नियंत्रणाला चाकासारखी गोल मूठ आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीसारखी मूठ बसवावी, हा उपाय त्यांनी सुचवला. न पाहताही हाताला फरक कळावा, असा त्यामागचा हेतू होता.

चॅपॅनिस यांनी एका चुकीचे कारण दाखवून दिले होते. अशा चुका किती प्रकारच्या आहेत आणि त्या किती व्यापक आहेत, याचा पद्धतशीर शोध घेण्याचे काम फिट्स यांच्याकडे आले.

राइट फील्डमधील शोध

१९४५ मध्ये राइट फील्ड येथील विमान वैद्यकीय प्रयोगशाळेत मानसशास्त्र शाखा स्थापन करण्यात आली आणि फिट्स तिचे पहिले प्रमुख झाले. माणसाला यंत्राप्रमाणे घडवण्याऐवजी यंत्र माणसाप्रमाणे कसे घडवावे, याचा अभ्यास करणे हे या शाखेचे उद्दिष्ट होते. युद्धातील मानसशास्त्रीय कार्याच्या १९ खंडांच्या अहवालमालेत उपकरणांच्या रचनेविषयीचा अखेरचा खंड फिट्स यांच्या संपादनाखाली १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी फिट्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड जोन्स यांचे दोन अहवाल तयार झाले. अपघातग्रस्त विमानांचे अवशेष तपासण्याऐवजी त्यांनी वैमानिकांनाच विचारले. कॉकपिटमधील एखादे नियंत्रण वापरताना स्वतःच्या हातून घडलेली किंवा दुसऱ्याच्या हातून घडताना पाहिलेली चूक सविस्तर सांगावी, अशी विनंती त्यांना करण्यात आली. मुलाखती आणि लेखी निवेदने यांतून ४६० घटना गोळा झाल्या. अशा चुका नवख्या वैमानिकांपुरत्या मर्यादित नव्हत्या. दीर्घ अनुभव असलेल्यांनीही त्या केल्याचे प्रामाणिकपणे सांगितले होते.

या ४६० घटनांची वर्गवारी केल्यावर जे चित्र समोर आले, ते लक्षवेधी होते. निम्म्या, म्हणजे ५० टक्के चुका एका नियंत्रणाऐवजी दुसरेच हलवल्याच्या होत्या. नियंत्रण हवे त्यापेक्षा कमी किंवा अधिक हलवल्याच्या चुका १८ टक्के होत्या, तर विसरण्याच्या चुकाही तेवढ्याच होत्या. उलट दिशेने नियंत्रण फिरवल्याच्या चुका ६ टक्के, नकळत धक्का लागून नियंत्रण हलल्याच्या ५ टक्के आणि नियंत्रणापर्यंत हातच न पोचल्याच्या ३ टक्के होत्या. चुका मनमानी नव्हत्या. त्या पुन्हा पुन्हा त्याच जागी, त्याच पद्धतीने होत होत्या.

फिट्स आणि जोन्स यांनी दिलेले एक उदाहरण विशेष बोलके आहे. त्या काळच्या विमानात इंजिनाची शक्ती, पंख्याच्या पात्यांचा कोन आणि इंधन-हवेचे मिश्रण यांसाठी तीन लिव्हर ओळीने बसवलेले असत. बी-२५ विमानात डावीकडून पाहता शक्ती, पंखा आणि मिश्रण असा क्रम होता. सी-४७ मध्ये तो पंखा, शक्ती आणि मिश्रण असा होता. सी-८२ मध्ये मिश्रण, शक्ती आणि पंखा असा तिसराच क्रम होता. बी-२५ वर शेकडो तास उड्डाण केलेल्या वैमानिकाचा हात शक्ती कमी करण्यासाठी सवयीने डावीकडे जाई. सी-८२ मध्ये त्याच जागी मिश्रणाचा लिव्हर असे आणि तो ओढला तर इंजिनाचा इंधनपुरवठाच बंद पडण्याचा धोका होता. दिवसा, निवांतपणी हा फरक लक्षात ठेवणे कठीण नव्हते. रात्री, ढगांत, एक इंजिन बंद पडलेले असताना मात्र हात जुन्या सवयीचेच ऐकत असे.

सर्व विमानांत नियंत्रणांचा क्रम एकसारखा असावा, महत्त्वाच्या नियंत्रणांच्या मुठी स्पर्शाने ओळखू याव्यात आणि नियंत्रण ज्या दिशेने फिरवले जाते तिचा परिणामाच्या दिशेशी मेळ असावा, अशा सुधारणांकडे या अभ्यासाने लक्ष वेधले. नव्या रचनेचा एकदाच होणारा खर्च हा प्रत्येक वैमानिकाला आयुष्यभर सावध राहण्यास सांगण्यापेक्षा अधिक खात्रीचा उपाय होता.

तीन काट्यांचे आल्टिमीटर

दुसरा अहवाल उपकरणे वाचताना झालेल्या २७० चुकांविषयी होता. त्यात सर्वांत ठळकपणे पुढे आले ते उंची दाखवणारे आल्टिमीटर. त्याच्या एकाच तबकडीवर तीन काटे असत. एक काटा शेकडो फूट, दुसरा हजारो फूट आणि सर्वांत लहान तिसरा काटा दहा हजार फूट दाखवत असे. वैमानिकाला तिन्ही काटे पाहून मनातल्या मनात बेरीज करावी लागे. लहान काटा मोठ्या काट्याखाली झाकला गेला किंवा घाईत दुर्लक्षित राहिला, तर उंचीच्या वाचनात हजार किंवा दहा हजार फुटांची चूक होई. अशा उपकरणांच्या वाचनातील चुका एकूण चुकांच्या सुमारे १८ टक्के होत्या.

फिट्स यांच्यानंतर राइट फील्डमधील शाखेची धुरा सांभाळणारे वॉल्टर ग्रेथर यांनी १९४९ मध्ये निरनिराळ्या रचनांच्या आल्टिमीटरची तुलना केली. तीन काट्यांचे उपकरण वाचताना प्रशिक्षित वैमानिकांकडूनही दहा टक्क्यांहून अधिक वेळा हजार फूट किंवा त्याहून मोठी चूक होत असल्याचे दिसून आले. आकड्यांत थेट उंची दाखवणारी रचना अधिक जलद आणि अचूक वाचली जात होती.

ही माहिती उपलब्ध असूनही जुने आल्टिमीटर पुढे अनेक वर्षे वापरात राहिले. २४ डिसेंबर १९५८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ चाचणी उड्डाणावर असलेले ब्रिटानिया जातीचे विमान कोसळले आणि विमानातील १२ पैकी ९ जण मरण पावले. विमान प्रत्यक्षात जितक्या उंचीवर होते, त्यापेक्षा ते दहा हजार फूट अधिक उंच आहे, असा समज तीन काट्यांच्या आल्टिमीटरवरून झाला होता. फिट्स आणि जोन्स यांच्या अहवालाला तेव्हा ११ वर्षे झाली होती. धोका कागदावर नोंदला गेला म्हणून तो कॉकपिटमधून आपोआप नाहीसा होत नाही, हे या अपघाताने दाखवून दिले.

वैमानिकाची नजर आणि हात

राइट फील्ड येथे फिट्स यांनी हाती घेतलेला आणखी एक अभ्यास वैमानिकांच्या नजरेविषयी होता. उपकरणांच्या साहाय्याने विमान उतरवत असताना वैमानिक कोणत्या तबकडीकडे, किती वेळा आणि किती वेळ पाहतो, हे त्यांनी चलचित्र कॅमेऱ्याने टिपले. या पाहणीत ४० वैमानिकांचा समावेश होता. एखाद्या तबकडीकडे किती वेळा पाहिले जाते, यावरून तिचे महत्त्व कळत होते. तिच्यावर नजर किती वेळ थांबते, यावरून ती वाचायला किती अवघड आहे, हे कळत होते. आणि नजर एका तबकडीवरून दुसऱ्या कोणत्या तबकडीकडे जाते, यावरून कोणती उपकरणे शेजारी असावीत, हे ठरवता येत होते. पॅनलवरील उपकरणांची मांडणी जागेच्या सोयीने न करता वैमानिकाच्या कामाच्या क्रमाने करण्यास या अभ्यासाने आधार दिला.

१९४९ मध्ये फिट्स ओहायो स्टेट विद्यापीठात रुजू झाले आणि तेथे त्यांनी विमान मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. या काळात त्यांनी सहकाऱ्यांसह दिवे आणि नियंत्रणे यांच्या जोड्यांवर प्रयोग केले. कोणतेही पॅनल किंवा कोणतेही नियंत्रण स्वतंत्रपणे उत्तम नसते, दोहोंचा परस्परांशी मेळ बसला तरच माणूस जलद आणि बिनचूक प्रतिसाद देतो, असा निष्कर्ष त्यांतून निघाला.

१९५४ मध्ये त्यांनी हाताच्या हालचालीविषयी जो नियम मांडला, तो आज फिट्सचा नियम म्हणून जगभर ओळखला जातो. प्रयोग अगदी साधा होता. सहभागी व्यक्तीने हातातील लेखणीसारख्या दांडीने दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने, शक्य तितक्या वेगाने टकटक करायची. पट्ट्यांमधील अंतर आणि त्यांची रुंदी बदलत जायची. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका हात पोचण्यास अधिक वेळ लागतो, हे कोणालाही सुचण्यासारखे होते. फिट्स यांनी त्याचे अचूक गणित मांडले. अंतर दुप्पट करणे आणि रुंदी निम्मी करणे यांमुळे काम सारखेच अवघड होते, असे त्या गणितातून दिसले. त्यासाठी त्यांनी दूरसंचार क्षेत्रात नुकत्याच विकसित झालेल्या माहिती सिद्धांताचा आधार घेतला. तातडीच्या क्षणी वापरायचे बटण दूर आणि लहान असेल तर त्याची किंमत किती, हे यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. पुढे १९७८ मध्ये संगणकाचा माऊस आणि अन्य साधने यांची तुलना करणाऱ्या संशोधकांनी हाच नियम वापरला. आज मोबाईलच्या पडद्यावर बटणांचा आकार ठरवतानाही त्याचा आधार घेतला जातो.

माणूस आणि यंत्र यांची कामे

युद्धानंतर नागरी विमान वाहतूक झपाट्याने वाढली आणि आकाशातील विमानांना वाट दाखवण्याची जबाबदारी जमिनीवरील नियंत्रकांवर आली. या व्यवस्थेत कोणते काम माणसाने करावे आणि कोणते यंत्राकडे सोपवावे, हा प्रश्न होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीसाठी फिट्स यांच्या संपादनाखाली १९५१ मध्ये याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यात माणूस आणि यंत्र यांच्या बलस्थानांची एक यादी होती. अंधुक खुणा टिपणे, आकृतिबंध ओळखणे, अनपेक्षित परिस्थितीत मार्ग काढणे, जुन्या अनुभवांतून नेमके आठवणे, अनुमान बांधणे आणि तारतम्याने निर्णय घेणे यांत माणूस सरस आहे. वेगाने प्रतिसाद देणे, मोठा जोर अचूकपणे लावणे, तेच काम न थकता करणे, गणन करणे आणि अनेक कामे एकाच वेळी पार पाडणे यांत यंत्र सरस आहे, असे त्यात नमूद होते. नुसते पाहत बसण्याच्या कामात माणसाचे लक्ष टिकत नाही, हाही या चर्चेतील महत्त्वाचा मुद्दा होता. ब्रिटनमधील नॉर्मन मॅकवर्थ यांच्या प्रयोगांतही अर्ध्या तासानंतर सावधपणा घटतो, असे दिसून आले होते.

ही यादी पुढे प्रसिद्ध झाली आणि टीकेचाही विषय ठरली. एखादे काम यंत्राकडे दिले की माणसाचे उरलेले काम पूर्वीसारखेच राहते, असे तीवरून वाटू शकते, असा आक्षेप घेण्यात आला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. सोपी कामे यंत्राकडे गेली की सर्वांत कठीण क्षण माणसाच्या वाट्याला येतात, आणि तेही सराव सुटलेला असताना.

अकाली निधन

१९५८ मध्ये फिट्स मिशिगन विद्यापीठात गेले. तेथे मानवी कार्यक्षमतेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. एखादे कौशल्य प्रथम समजून घेणे, मग त्यातील दुवे जुळवणे आणि अखेर ते अंगवळणी पडणे, असे शिकण्याचे तीन टप्पे त्यांनी याच काळात मांडले. १९६२-६३ मध्ये ते अमेरिकेतील मानवी घटक अभ्यासकांच्या संस्थेचे अध्यक्ष होते.

२ मे १९६५ रोजी ॲन आर्बर येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या ५३व्या वाढदिवसाला चार दिवस बाकी होते. मायकेल पोस्नर यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक दोन वर्षांनंतर, १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रश्न कायम

फिट्स यांच्या निधनानंतर कॉकपिटमधील तबकड्यांची जागा पडद्यांनी घेतली आणि यंत्राकडे अधिकाधिक कामे गेली. चुकांचे स्वरूप बदलले, त्या नाहीशा झाल्या नाहीत. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बेंगळुरूला आलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. विमानातील १४६ पैकी ९२ जणांचा मृत्यू झाला. स्वयंचलित व्यवस्था इंजिने किमान शक्तीवर ठेवणाऱ्या स्थितीत असताना विमानाचा वेग घटत गेला आणि ते वेळेत ध्यानात आले नाही. चौकशीत वैमानिकांवर ठपका ठेवण्यात आला. मात्र स्वयंचलित व्यवस्था शक्ती बदलत असताना या विमानातील शक्तीचे लिव्हर जागचे हलत नाहीत, त्यामुळे हाताला मिळणारी सूचना नाहीशी होते का, अशी चर्चाही विमान क्षेत्रात झाली.

२० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्गजवळ याच जातीचे विमान डोंगरावर आदळून ८७ जण मरण पावले. उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग एकाच बटणाने आणि जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या आकड्यांनी निश्चित केला जात होता. वैमानिकांची त्यात गल्लत झाली असावी, अशी प्रबळ शक्यता तपासात पुढे आली. त्यानंतर आकडे दाखवण्याची पद्धत बदलण्यात आली. २०१८ आणि २०१९ मध्ये इंडोनेशिया आणि इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत ३४६ जण मृत्युमुखी पडले, तेव्हाही सुरुवातीला वैमानिकांच्या कौशल्याची चर्चा झाली. विमानाचे नाक आपोआप खाली करणारी व्यवस्था एकाच संवेदकावर अवलंबून होती आणि पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांना तिची माहितीही देण्यात आली नव्हती, हे नंतर स्पष्ट झाले.

दुसरीकडे, फिट्स यांनी अवलंबलेली वैमानिकांनाच विचारण्याची पद्धत आता विमान सुरक्षेचा भाग झाली आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा या संस्थेमार्फत वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्याकडून चुकांची माहिती गोपनीयपणे स्वीकारली जाते आणि अनेक देशांनी तशी व्यवस्था उभारली आहे.

मानवी घटक विषयाच्या उत्तम अध्यापनासाठी अमेरिकेत फिट्स यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या नियंत्रणाची मूठ चाकाच्या आकाराची आणि फ्लॅपच्या नियंत्रणाची मूठ पंखाच्या फळीच्या आकाराची असावी, असा अमेरिकेच्या विमान सुरक्षा नियमांत दंडक आहे. रात्रीच्या अंधारात विमान उतरवणाऱ्या वैमानिकाच्या हाताला आपण काय धरले आहे, हे त्यामुळे न पाहताही कळते.